साडेतीन फुटांवरचे अप्पा

माझ्या जन्मदात्या वडिलांना मी स्वतःच्या हातानं जमिनीपासून साडेतीन फूट वर अडकवून ठेवलं होतं, ही गोष्ट खरी आहे. उदगीरमध्ये ती अजून सांगतात. फक्त त्यामागचा माझा हेतू चांगला होता, एवढं कुणी सांगत नाही. म्हणून मीच लिहायला बसलोय.

आमचं बी-बियाणांचं दुकान. ज्या वर्षी लातूरला रेल्वेनं पाणी आलं, त्या वर्षी बियाणं विकणाऱ्याइतका रिकामा माणूस अख्ख्या मराठवाड्यात नव्हता. दुकानात माणसं यायची ती पेपर वाचायला. पेपरात विषय दोनच: पाणी कधी येणार आणि उदगीर जिल्हा कधी होणार. (उत्तर दोन्हींचं एकच: लवकरच!) मी गल्ल्यावर बसून मोबाईल बघायचो, आणि रिकाम्या माणसाच्या हातात मोबाईल म्हणजे माकडाच्या हातात कोलीत. त्यात एकदा एक गोरा माणूस दिसला. त्यानं घरच्या शेडमध्ये एक बटण दाबलं आणि त्याची गाडी अलगद वर गेली. खाली उभा राहून तो शीळ घालत नट आवळत होता!

मला ते फार लागलं. कारण आमच्या गाडीचा सायलेन्सर दर पंधरा दिवसांनी लोंबायचा आणि दर पंधरा दिवसांनी रशीदभाई मिस्त्री गोणपाट अंथरून गाडीखाली शिरायचे. मी त्यांना माझा बेत सांगितला.

"साब, एक अच्छा जॅक लेव, टेकू को दो घोड्या लेव, बस," रशीदभाई म्हणाले. "लिफ्ट-बिफ्ट नक्को. घर में कौन उठाता गाडी?"

मला वाटलं, याच्या पोटावर पाय येतोय म्हणून हा असं बोलतोय. बायकोला घेतलं आणि थेट नांदेड गाठलं.

नांदेडच्या दुकानात तीन नग होते. पहिला साधा जॅक. दुसरी गुडघ्याइतकी उचलणारी लिफ्ट. तिसरी लाल रंगाची, कातरीसारखी उघडणारी, खाली चाकं असलेली, गाडी थेट कमरेइतकी वर नेणारी.

"वजन किती पेलती, लॉक कसं हाय, घरात वीज कशी हाय, हे बघून घ्या साहेब," दुकानदार सांगत होता. मी लाल रंग बघत होतो.

"अहो," शिवकांता म्हणाली, "आपल्या शेडची उंची किती हाय?"

"तुला त्यातलं कळत न्हाई."

"म्हणूनच इचारून राहिले. तुम्हाला कळत असंल तर सांगा की!"

दुकानदारासमोर नवऱ्याला असा प्रश्न विचारू नये, एवढं हिला वीस वर्षांत समजलेलं नाही. मी तडकाफडकी लाल नग उचलला. (म्हणजे चार हमालांनी उचलला.)

रविवारी सकाळी मुहूर्त काढला. गाडी शेडमध्येच होती. तिच्या टपावरच्या कॅरिअरला निळा प्लॅस्टिकचा रिकामा ड्रम आडवा बांधलेला होता. शेतातल्या बोअरचं पाणी त्यातूनच यायचं. लिफ्ट गाडीखाली सरकवली. चार रबरी ठोकळे लिफ्टसोबत आलेल्या पुस्तकात दाखवले तसे चेसीखाली बसवले. मागं उभा राहिलो, देवाचं नाव घेतलं, बटण दाबलं.

घुर्रर्र करत गाडी वर निघाली! टायर सुटले. गुडघा झाला, मांडी झाली. मी शीळ घालायला ओठांचा चंबू केला आणि एवढ्यात वरून 'कर्रकच्' असा आवाज आला. ड्रम शेडच्या आडव्या लोखंडी पाईपाला भिडून गच्च अडकला होता. मी घाबरून बटण सोडलं. 'खट्' करून लॉक पडलं.

त्यानंतर गाडीतून आवाज आला.

"मन्मथ, काय करून राहिलास रे?"

मी धावत पुढं गेलो. पुढच्या सीटवर अप्पा होते! उन्हाळ्यात ते सकाळचा पेपर गाडीत बसून वाचतात, सीट मागं पाडतात आणि तिथंच डोळा लावतात, हे घरातल्या मांजरालासुद्धा माहीत होतं. मी पुस्तकात गर्क होतो.

"अप्पा, हलू नका! आत्ता खाली घेतो!"

खाली घ्यायला पुस्तक उघडलं. त्यात लिहिलं होतं: लॉक सोडण्यासाठी लिफ्ट आधी दोन-तीन इंच वर घ्यावी, मग खटका ओढावा. मी तीनदा वाचलं. खाली यायला आधी वर जायचं! आणि वर तर पाईप! बटण दाबून पाहिलं. मोटार कण्हली, पत्रे थरथरले, अप्पांच्या अंगावर वर्षभराची धूळ पडली.

"जिल्हा झाला का काय?" अप्पांनी उघड्या खिडकीतून डोकं बाहेर काढून विचारलं. "कसला दणका हाय?"

त्यांना उतरवावं म्हटलं, तर दोन्ही गुडघे गेलेले आणि वजन नव्वदच्या पुढं. स्टुलावर पाय ठेवायला त्यांनी साफ नकार दिला. "मी चढलो न्हाई, तर उतरू कशाला? ज्यानं चढवलं त्यानं उतरवावं."

आवाजानं शिवकांता बाहेर आली. तिनं आधी सासऱ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं, मग गाडीखाली. आणि तिनं कपाळावर हात मारला.

"अहो, आज टँकर हाय!"

आठ दिवसांनी एकदा येणारा टँकर! आणि ज्यात ते पाणी घ्यायचं, त्या शेडच्या जमिनीतल्या हौदाचं तोंड नेमकं लिफ्टच्या खाली! टँकरवाला कुणासाठी दहा मिनिटं थांबत नसे. आज पाणी गेलं की आठ दिवस घरातली सहा माणसं कोरडी.

मी रशीदभाईंना फोन केला. ते धावत आले, बघितलं, आणि मोठ्या मनानं 'मैं बोला था ना' म्हणाले नाहीत. (नुसते हसले. ते जास्त झोंबलं.) मग गोणपाट अंथरून खाली शिरले.

"रशीदभाई, निघतंय का?"

"लॉक नहीं निकलता साब. पन गाडी उपर हैच, तो सायलेन्सर बांध देतूं."

एव्हाना गल्ली जमली होती. कुणी म्हणालं पत्रे काढा, कुणी म्हणालं पाईप कापा. अप्पा वर बसून सगळ्यांचे नमस्कार घेत होते. कुणीतरी त्यांना चहा दिला. मी विळा आणला. "ड्रमच कापतो!"

"ड्रमाला हात लावायचा न्हाई!" शिवकांता कडाडली. "शेतातलं पाणी काय टोपीत आणणार हाव का?"

तेवढ्यात कोपऱ्यावर टँकरचा हॉर्न वाजला. गल्ली घागरी घेऊन पळाली. मी डोक्याला हात लावून खाली बसलो. खोटं कशाला सांगू, डोळ्यांत पाणी आलं. (त्या दिवसापुरतं घरात तेवढंच पाणी होतं!)

शिवकांता ड्रमाकडं बघत उभी होती.

"ह्याचं बूच बंद हाय ना?"

"हाय."

"मग आतली हवा जाईल कुठं? बूच काढा की! रिकामा डबा झाकण लावून दाबला तर दबंल का?"

रशीदभाई गाडीखालून बाहेर आले आणि तिच्याकडं बघतच राहिले. मी स्टुलावर चढून बूच फिरवलं. बटण दाबलं. ड्रमातून 'फुस्स्स' करत हवा निघाली, ड्रम उशीसारखा दबला, गाडी तीन इंच वर गेली, रशीदभाईंनी खटका ओढला आणि अप्पा पेपरासकट, चहासकट, अलगद जमिनीवर आले. ड्रमानं 'फट्ट' करून आपला आकार परत घेतला. आम्ही तिघांनी लिफ्ट मागं ओढली, गाडी बाहेर ढकलली आणि टँकरची नळी हौदात पडली. त्या पाण्याचा आवाज ऐकत अप्पा म्हणाले, "सूनबाई, तू व्हतीस म्हणून."

मी नळी धरून उभा होतो.

गोष्ट तिथं संपायला हरकत नव्हती. पण चार दिवसांनी देवणीकडचे एक गृहस्थ पत्ता विचारत दारात आले. चाऱ्याविना त्यांची गाय बसली होती, उठत नव्हती. "तुमच्याकडं उचलायचं मशीन हाय म्हणं. लई उपकार होतील मालक."

मला भरून आलं. माझ्या लिफ्टला अखेर चांगलं काम मिळालं! मी चप्पल घालू लागलो. "चला, मी स्वतः येतो चालवायला."

आतून अप्पांचा खणखणीत आवाज आला.

"पाव्हणं, मशीन न्या, पर त्याला नगा नेऊ! त्याला निस्तं चढवता येतंय. गाय परत खाली पायजे असंल, तर सूनबाईला न्या!"

पाहुण्यांनी क्षणभर विचार केला. मग हात जोडून शिवकांताला म्हणाले, "ताई, येताव का?"

ती गेली. मी दुकानात जाऊन पेपर वाचला.