थांबलोच आहोत तर

लहानपणी मला गाडी लागत असे. हे मी लाजेने सांगत नाही. आमच्या घरात त्या काळी याच एका गोष्टीसाठी माझी किंमत होती, ती कशी ते सांगते.

आम्ही अमरावतीचे. बाबा वकील. त्यांनी एका जिनिंगवाल्याकडून जुनी काळी मोटार घेतली. तिच्या दोन्ही अंगांना उतरायला लांब पायऱ्या होत्या आणि मागच्या गादीला सरकीचा वास यायचा. तो शेवटपर्यंत गेला नाही. ती मोटार किल्लीने सुरू होत नसे. पुढे हँडल घालून फिरवायचं. ड्रायव्हर फिरवायचा, दमायचा, कमरेवर हात ठेवून उभा राहायचा, पुन्हा फिरवायचा. हा ड्रायव्हर चांदूर बाजाराकडचा. आधी कापसाचे ट्रक चालवायचा, म्हणून आम्हां सगळ्यांना तो गाठोड्यांसारखं जपून बसवायचा.

आईचं माहेर अकोल्याला, जठारपेठेत. वर्षातून दोन-तीनदा जाणं व्हायचं. आता बडनेऱ्याहून अकोल्याला रेल्वे सुखाने जात होती. पण दारात मोटार असून रेल्वेने जाणं म्हणजे अंगणात विहीर असून शेजारी घागर घेऊन जाणं, असं बाबांचं मत. आमच्याकडेच राहणारी आत्या म्हणायची, "रेल्वेत सगळी सोय असते." कसली सोय ते ती सांगायची नाही आणि बाबा विचारायचे नाहीत.

बाबांचा एक नियम होता. एकदा सुरू झालेली गाडी अकोल्यापर्यंत थांबवायची नाही. थांबवली की पुन्हा हँडल आलं. साठ मैलांत थांबायचं कारणच काय, असं ते म्हणत, आणि त्यांच्यापुरतं ते खरं होतं.

या नियमाला अपवाद एकच, मी. पहिल्याच प्रवासात मी बाबांच्या काळ्या कोटावर ओकले होते. तो कोट घालून ते आठवडाभर कोर्टात गेले. समोरचा वकील युक्तिवाद आवरता घ्यायचा म्हणे. तेव्हापासून मी "होतंय" म्हटलं की गाडी जागच्या जागी थांबे. सरकारी गाडीसुद्धा इतक्या तातडीने थांबली नसती.

माझे थांबे ठरून गेले होते. पहिला बडनेरा सोडल्यावर, एका चिंचेखाली. दुसरा मूर्तिजापूरला, भज्यांच्या हॉटेलासमोर. तिसरा बोरगावच्या अलीकडे एका नाल्यापाशी. गाडी थांबली की मी खाली उतरून वाकायचे. मग बाबा मान वळवून म्हणायचे, "थांबलोच आहोत तर," आणि बाभळीकडे चालू लागायचे. बाबा नजरेआड झाले की आत्या म्हणायची, "थांबलोच आहोत तर," आणि आईला घेऊन शेतात शिरायची. थंडीत तूर माणसाएवढी उभी असायची, उन्हाळ्यात नाल्यावरच्या पुलाखाली जायचं. ड्रायव्हर बॉनेट उघडून गाडीला पाणी पाजायचा. मूर्तिजापूरला माझा दादा, माझ्याहून दोन वर्षांनी मोठा, थांबलोच आहोत तर भजे खायचा. आईला गाडीतच काचेच्या ग्लासात चहा मिळायचा. बायकांनी हॉटेलात उतरायची पद्धत नव्हती. आत्या विधवा, बाहेरचं काही खायची नाही, पण फळाला दोष नसतो म्हणून पेरू घ्यायची. पेरूच्या जोडीने तिने बोरं, शेंगदाणे आणि एकदा राजगिऱ्याचा लाडूही फळांत धरला होता.

बोरगावच्या नाल्यापाशी आई तोंड धुवायची, केस सारखे करायची, कुंकू नीट लावायची. माहेरच्या दारात धुळीने भरलेलं तोंड घेऊन जाऊ नये, असं ती म्हणायची. हे सगळं माझ्या उलटीच्या आडोशाने चालायचं. मला मात्र वाटायचं, हे लोक माझ्यासाठी थांबतात. मी ओशाळून बसायचे.

नऊ वर्षांची होते तेव्हाची गोष्ट. आमचं वऱ्हाड नुकतंच मुंबई राज्यात गेलं होतं. राज्य बदललं, रस्ता तोच राहिला, खड्ड्यांसकट. आईला सातवा महिना होता आणि बाळंतपणासाठी तिला अकोल्याला पोचवायचं होतं. निघायच्या आदल्या दिवशी जेवताना बाबा मला म्हणाले, "उन्हाळ्यात चिखलदऱ्याला जायचं म्हणतो. पण घाटात वळणं फार. जिला साठ मैल सरळ रस्त्यावर जमत नाही, तिला कसं न्यायचं? उद्या अकोल्यापर्यंत गाडी न थांबवता आलीस, तर तू येशील."

चिखलदऱ्याला ढग खोलीत येतात, असं मी वर्गातल्या मुलींना आधीच सांगून ठेवलं होतं. बघितल्यासारखं सांगितलं होतं. आता बघणं भाग होतं.

सकाळी मी पाणी प्यायले नाही. पोटावर वर्तमानपत्र बांधलं, गालात आवळकाठी धरली. पुढे ड्रायव्हर, दादा, बाबा. मागे एका खिडकीला मी, मध्ये आत्या, दुसऱ्या खिडकीला आई. मी समोरच्या रस्त्यावर नजर रोवून बसले. कोणीतरी सांगितलं होतं, इकडे-तिकडे पाहायचं नाही.

बडनेऱ्याला फाटक लागलं होतं. लांबलचक मालगाडी गेली. पण फाटकावर टांगे, सायकली, माणसं, तिथे उतरून उपयोग काय? फाटक उघडलं. पुढे चिंच दिसू लागली तशी गाडी आपोआप हळू झाली.

"काय रे?" बाबांनी विचारलं.

"पोरीची जागा आली, साहेब," ड्रायव्हर म्हणाला. "म्हनून सावकाश घेतली."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "मला काही होत नाही."

"शाब्बास," बाबा म्हणाले. चिंच मागे गेली.

आत्या माझ्याकडे सरकली. "पोटात ढवळतंय का गं?"

"नाही."

"नीट बघ."

"बघितलं."

"सकाळच्या सांज्याचं तूप वर येत असेल."

"नाही येत."

"कालची वांग्याची भाजी?"

"ती मी खाल्लीच नव्हती."

"मी खाल्ली होती. वांगी जून होती. आत नुसत्या बिया, आणि एकात तर," असं म्हणून एकात काय होतं ते आत्याने सविस्तर सांगितलं. मी आवळकाठी दुसऱ्या गालात घेतली. मग तिने तिच्या सासरच्या विहिरीत पडलेल्या घुशीची गोष्ट काढली. ती घूस चार दिवस कोणाला कळली नव्हती. मला वाटलं, माझं मन रमवायला सांगते आहे. रमलं. मी विचारलं, "मग तुम्ही तेच पाणी प्यायलात?" आत्याने हताश होऊन आईकडे पाहिलं आणि म्हणाली, "काहून गं, आज पोट आहे की पेटी?"

मूर्तिजापूर आलं आणि गेलं. भजेवाल्याला आमची गाडी ठाऊक होती. त्याने गाडीचा पोंगा ऐकून झारा उचललेला मी पाहिला. दादा मागे वळून वळून बघत राहिला, पार वळण येईपर्यंत. मग मला म्हणाला, "तुझ्याच्याने एवढंही झालं नाही." आयुष्यात तोवर मला हे कोणी म्हटलं नव्हतं, म्हणजे उलटीच्या बाबतीत.

"बघा," बाबा पुढून म्हणाले, "मनावर घेतलं की किती सोपं असतं."

तेव्हा आत्याच्या मांडीवरून एक हात आला आणि त्याने माझं मनगट धरलं. आईचा हात. गार आणि ओला. मी खास ठरवलं होतं की रस्त्यावरून नजर काढायची नाही, पण काढली. आई माझ्याकडे बघत नव्हती. ती बाबांच्या टोपीकडे बघत होती. ओठ मिटलेले, आणि प्रत्येक खड्ड्याला डोळे मिटायचे. नणंद शेजारी, परका माणूस पुढे, त्यांच्यादेखत ती नवऱ्याशी एरवीही बोलत नसे. मग हे तर सांगायचं कसं? आणि आत्या तरी धाकट्या भावाला काय म्हणणार? ड्रायव्हर समोर बसलेला. गाडीत सहा माणसं होती आणि हे बोलता येईल असं एकही नव्हतं.

घरी गेला महिनाभर आई दर घटकेला उठून मागच्या दारी जायची, हे मी पाहिलं होतं. मग मी एक गोष्ट मनाशी जुळवली. ओकायला मला मिनिटभर लागायचं. गाडी मात्र पाव तास उभी असायची. बाकीचा वेळ कोणाचा होता?

मैलाचा दगड आला. दादाने नेहमीप्रमाणे मोठ्याने वाचला, "अकोला, अठरा." अठरा मैल म्हणजे आमच्या गाडीला तास. आईच्या हाताची पकड थोडी घट्ट झाली. मला चिखलदऱ्याचे ढग दिसले. खोलीत येऊन परत गेले.

"बाबा," मी म्हटलं, "होतंय."

"आता? मूर्तिजापूर गेलं, आता कशाला?"

"होतंय."

बाबा काही बोलायच्या आत ब्रेक लागला. ड्रायव्हर इतक्या जोरात कधी ब्रेक मारत नसे. सगळ्यांत आधी आत्या उतरली. तिला गुडघ्यांचा त्रास होता, तो त्या दिवशी नव्हता. आईला धरून ती तुरीत शिरली. मी गाडीच्या मागे जाऊन वाकले. एवढ्या दिवसांची सवय, पण त्या दिवशी काही येईना. घूस आठवून पाहिली, तरी नाही.

बाबा मागे आले. जमीन पाहिली. कोरडी.

"कुठे आहे?" त्यांनी विचारलं. वकील माणूस.

तेवढ्यात ड्रायव्हर पाण्याचा डबा घेऊन आला. "म्या माती लोटली वरून, साहेब. वास येते."

"केव्हा लोटलीस?"

"आत्ताच."

"तू तर बॉनेटपाशी होतास."

"आधी इकडं आलो, मग तिकडं गेलो."

"ही ओकली, हे तू पाहिलंस?"

"डोयानं पायलं, साहेब. लय ओकली. बिचारी."

बाबांनी त्याच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, मग वाऱ्याने हलणाऱ्या तुरीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. शेवटी, "थांबलोच आहोत तर," असं म्हणून ते रस्ता ओलांडून समोरच्या बाभळीकडे गेले.

आई आली तेव्हा तिचा चेहरा सुटा झाला होता. ड्रायव्हरच्या डब्यातल्या पाण्याने तिने तोंड धुतलं, कुंकू नीट केलं. आत्याने ओटीभर तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. फळाला दोष नाही. सगळे बसले, हँडल फिरलं. बाबांनी मागे न वळता मला विचारलं, "आता बरं वाटतंय का?"

पलीकडच्या खिडकीकडून आई म्हणाली, "हो. आता बरं वाटतंय तिला."

गाडीत बसून आईने बाबांशी बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं ते हे.

जठारपेठेत मामीने दारातच विचारलं, "पोरीला लागली का गाडी?" आई म्हणाली, "फार हाल झाले हो पोरीचे," आणि तिच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. त्या दिवशी मला साखरभात दोनदा वाढला. हाल झालेल्या मुलीने इतका खावा का, हे कोणी विचारलं नाही.

चिखलदऱ्याला मला नेलं नाही. बोलणं म्हणजे बोलणं. बाबा, आत्या आणि दादा गेले. घाटात पहिल्याच वळणाला दादा ओकला, मग दुसऱ्या, मग मोजायचं सोडून दिलं. परत आल्यावर आत्या म्हणाली, "इतका सुखाचा प्रवास मी जन्मात केला नाही. दर वळणाला थांबलो." ढगांचं मी विचारलं तर म्हणाली, ते तिने नीट पाहिले नाहीत.

पुढल्या वर्षी मला खरंच गाडी लागेनाशी झाली. मी ते शक्य तितकं लपवलं, पण वय वाढलं की मुलीने सारखं रस्त्यात वाकणं बरं दिसत नाही. धाकटी बहीण झाली होती, तिला कधीच गाडी लागली नाही. आई म्हणायची, गुणी आहे, पण प्रवासात काही कामाची नाही.

एकदा निघायच्या वेळी ड्रायव्हर मला हळूच म्हणाला, "बाई, आता तुमी मोठ्या झाल्या. आता गाडीलेच आजारी पाडा लागन." तेव्हापासून गाडी तापू लागली. पहिल्यांदा चिंचेखाली, मग मूर्तिजापूरला, मग बोरगावच्या नाल्यापाशी. बाबांनी ती दोनदा मिस्त्रीला दाखवली. मिस्त्रीने उघडली, बंद केली, म्हणाला, दोष काहीच नाही. बाबांनी विचारलं, "मग चिंचेखालीच का तापते?" तो म्हणाला, "चिंचेची हवा असन, साहेब."

तिसऱ्यांदा बाबांनी ती दाखवली नाही. गाडी तापली की ते उतरायचे, बॉनेटकडे बघायचेसुद्धा नाहीत. पाठ करून बाभळीकडे चालू लागायचे आणि आत्या गाडीत बसून खाकरेपर्यंत परत यायचे नाहीत.