गोटूनं गाळलेली तीन पानं

माझं नाव सुपडू. बुऱ्हाणपुरात कोणत्याही लूमवाल्याला विचारा, सुपडू मिस्तरी कोण ते. गल्लीतून नुसता चालत गेलो तरी आवाजावरून सांगतो, कोणत्या खोलीतला लूम आज बंद पडणार. शिक्षण चौथी. पण कान असा, की शिकलेले इंजिनियर माझ्या मागं हात बांधून उभे राहिलेत. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढं याच कानानं मला फसवलं.

माझा भाऊ गोटू. शाळेतलं नाव विनायक. माझ्यापेक्षा चौदा वर्षांनी लहान, म्हणजे अर्धा भाऊ अन् अर्धा पोरगाच. पाच वर्षांचा असताना बसच्या पाट्या वाचायचा. मी त्याला खांद्यावर घेऊन स्टँडवर उभा राहायचो. गाडी लागली की हा वरून ओरडायचा, "शाहपूर! दापोरा!" लोक विचारायचे, कोणाचं पोरगं? मी म्हणायचो, कोणाचं म्हणजे? आमचं!

आता आसनाची गोष्ट. छप्पन साली राज्यं जोडली, विदर्भ मुंबईकडं गेला, आम्ही मध्य प्रदेशातच राहिलो. शाळा हळूहळू हिंदी झाल्या. माझे वडील म्हणायचे, "शाळेत हिंदी वाचा, चांगलंच आहे. पण गल्लीत मराठीचं एक आसन राहू द्या." ते आसन, म्हणजे पोथी वाचायचा मान, आमच्या घरी. श्रावणात रोज दुपारी गल्लीतल्या मथुराबाईच्या ओट्यावर पोथी लागायची अन् वाचायचे माझे वडील. बाया मुठीत तांदळाचे दाणे घेऊन बसायच्या, अध्याय संपला की ते पोथीपुढच्या ताटात टाकायच्या. नियम दोन. एक, अध्यायातली ओवी सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. दुसरा, वाचणाऱ्यानं मधे उठायचं नाही. उठला अन् दुसऱ्या घरच्यानं अध्याय पुरा केला, तर आसन त्या घरी जातं.

पंच्याण्णव साली वडील गेले. त्याच श्रावणात गोटू आसनावर बसला, अकरा वर्षांचा. काय वाचलं पोरानं! बाया रडल्या. कडूअण्णा, ज्यांचा त्या आसनावर लई दिवसांपासून डोळा, ते पण म्हणाले, "सुपडू, तुझ्या भावाच्या जिभेवर देव आहे." मी म्हणालो, "अण्णा, देव नाही, मेहनत आहे. माझी."

मग गल्लीतल्याच भिकननं व्हिडिओ गेमचं दुकान टाकलं.

टॉकीजच्या मागं पत्र्याची खोली. दाराला काळा पडदा, आत चार मशिनी. टोकन टाकायचं, दांडी फिरवायची, बटणं बडवायची अन् आतल्या माणसानं आतल्या माणसाला मारायचं. बस. शाळेची दप्तरं भिंतीशी ढीग करून पडलेली, वर चपला. मी एकदा पडदा उचलून पाहिला. तीस पोरं, अन् एकाचीही पापणी हालत नव्हती. आमच्या लूमवर माणूस आठ तास उभा राहतो, पण संध्याकाळी तीसेक मीटर कापड तरी निघतं. इथं काय निघतं?

गोटू तिथला राजा झाला होता. मला ठाऊक नव्हतं. मला कसं ठाऊक असणार? रोज संध्याकाळी मी जेवायला बसलो की गोटू समोर पुस्तक उघडून मोठ्यानं वाचायचा. मी कानानं तपासायचो. आवाज खणखणीत, कुठं अडखळणं नाही, पान बराबर उलटायचा. मी भाकर मोडत म्हणायचो, चाललंय.

एक दिवस शाळेतल्या गुरुजींनी बोलावलं. त्याच्या वह्या समोर टाकल्या. प्रत्येक उत्तर अर्धं. पहिली ओळ मोत्यासारखी, दुसरी घाईची, तिसरी नाहीच.

गुरुजी म्हणाले, "सुपडूभाऊ, इसको पाठ पढ़ने को दो तो पहला पन्ना मुँहज़बानी बोलता है. दूसरे पर आओ तो चुप."

म्हणजे सहा महिने पोरगं माझ्यासमोर तेच दोन-चार पाठ तोंडपाठ म्हणत होतं अन् पानं उलटत होतं. मी लूमची कुरकुर ओळखतो, अन् घरातली ओळखली नाही. त्या दिवशी गोटूनं मार खाल्ला. खोटं कशाला सांगू.

श्रावण आला. सत्त्याण्णव साल, गोटू आठवीत, आमच्याकडं ते बोर्डाचं वर्ष. मी म्हटलं, पोथी हातात आली की हा पुन्हा वळणावर येईल. गल्लीत सांगूनही टाकलं, यंदा मागच्याहून भारी वाचणार.

तिसऱ्या सोमवारी राणीच्या वनवासाचा अध्याय होता. मोठा. चाळीसेक माणसं ओट्यावर. गोटूनं जोरात सुरू केलं. राजानं राणीला घालवलं, राणी जंगलात बसली, भरल्या दिवसांची, पाण्याविना. बायांचे पदर डोळ्यांना लागले. गोटूनं पान उलटलं, अन् एकदम मांडव, वाजंत्री, वऱ्हाड.

मी डोलत होतो. मला काही कळलं नाही.

मथुराबाईनं हात वर केला. पंचाहत्तरीची बाई, अंगठेबहाद्दर. "थांब रे बाप्पा," म्हणाली. "लगीन कोणाचं लागून राह्यलं?"

"राजपुत्राचं," गोटू म्हणाला.

"अन् तो जन्मला कधी? राणीचं बाळंतपण कुठी गेलं? तिले पाणी कोणी पाजलं? आताच तं पोटात होता, अन् लगेच घोड्यावर?"

बाया हसल्या. मी उठून पोथी पाहिली. तीन पानं एका चिमटीत धरून उलटली होती. चुकून नाही. कडेला बोटानं आधीच घातलेली घडी होती.

"काहून केलं?" मी विचारलं.

गोटू खाली पाहून पुटपुटला, "भाऊ, चार वाजता मुकाबला आहे. भिकनदादानं माझं नाव टाकलंय. नाही गेलो तं नंबर जातो."

"पहिल्यापासून," कडूअण्णा म्हणाले.

गोटूनं पहिल्यापासून धरलं. अन् तेव्हा मला खरं दिसलं. पोराची नजर एका ओळीवर टिकेना. दुसऱ्या ओळीवरून चौथीवर जायची, शब्दाचं पहिलं अक्षर धरून बाकीचं मनानं ठोकून द्यायचा. मथुराबाई म्हणायची, "सुटली." पुन्हा पहिल्यापासून. तीन वेळा. चौथ्या वेळेला तो थांबलाच.

मी कानाशी जाऊन म्हटलं, "अरे, बसच्या पाट्या वाचायचा तू! काय झालं तुले?"

तो रडवेला होऊन म्हणाला, "भाऊ, अक्षरं नुसती उभी राहतात. त्याच्यात काही होतच नाही."

मशिनीनं माझ्या भावाचं हे केलं होतं. जंगलात बाई पाण्याविना मरायला टेकली, अन् हा म्हणतो काही होत नाही!

कडूअण्णा खाकरले. "सुपडू, आसन आमच्याकडे दे. माझा नातू करतो पुरा. पोराले काहून रडवतो? ज्याचं काम त्यानं करावं. तू लूम पाहाय."

हे शेवटचं बोलले नसते तर कदाचित मी ऐकलं असतं. मी गोटूला बाजूला सारलं अन् आसनावर बसलो. घर एकच, तेव्हा नियम मोडत नव्हता. चौथी पास माणूस, हाताला ग्रीस. जोडाक्षर आलं की घाम फुटायचा. मी अर्धा शब्द जुळवायचो, मथुराबाई तोंडपाठ पुढचा सांगायची, मग मी बोट ठेवून तो कागदावर आहे का पाहायचो, अन् मगच म्हणायचो. बाया कंटाळल्या, पण एकही उठली नाही. राणी बाळंत झाली. एका कोळ्याच्या बायकोनं तिला ओंजळीनं पाणी पाजलं. दिवेलागणीला अध्याय संपला. एक ओवी सुटली नाही. बुऱ्हाणपुरात असं वाचन ना कोणी आधी केलं, ना पुढं करेल. ताटात दाणे पडले. कडूअण्णांनी पण टाकले, टाकावेच लागले.

मी मान वर केली. गोटूची जागा रिकामी होती.

चाराला उठून गेला होता. मी त्याच्या वाटचा घाम गाळत होतो अन् हा पडद्यामागं बटणं बडवत होता. मुकाबला जिंकला, ते पण घरी येऊन सांगितलं.

दुसऱ्या दिवशी मी भिकनच्या खोलीवर गेलो. गचांडी धरली. तो शांतपणे म्हणाला, "सुपडूभाऊ, मी कोणाले घरून उचलून आणतो का? तुमच्या घरी वाचायले आहे तरी काय? एक पोथी, ती पण श्रावणात."

मी गचांडी सोडली. त्याचं पटलं म्हणून नाही. पोरं पाहत होती म्हणून. एवढं मात्र की त्या महिन्यात मी जुन्या बाजारातून अकरा पुस्तकं आणली. गोटूनं एकही उघडलं नाही. बोर्डात तीन विषयांत नापास झाला, पुढं शाळाच सोडली.

आज तो शाहपूरला मोबाईल दुरुस्त करतो. लोक म्हणतात, हात लई चपळ. असेल. मला कोणी विचारलं तर मी सांगतो, हात राहिला, बाकीचं भिकनच्या खोलीत गेलं. आसन अजून आमच्या घरी आहे, अन् वाचणारा मीच. मथुराबाई गेली, कडूअण्णा गेले. पोथी आता आमच्याच खोलीत लागते, ऐकायला सात-आठ माणसं.

मागच्या श्रावणात गोटू पोराला घेऊन आला. दोघं मागच्या भिंतीला टेकून, दोघांच्या माना मोबाईलमध्ये. राणीचाच अध्याय होता. राणी जंगलात बसली, अन् मी मुद्दाम तीन पानं एका चिमटीत उलटली. मांडव, वाजंत्री, वऱ्हाड.

कोणी हात वर केला नाही. एकानंही विचारलं नाही, पोरगं जन्मलं कधी.

मी पोथी मिटली. "ओवी सुटली," म्हणालो. "पहिल्यापासून."

गोटूनं मान वर केली. "भाऊ, पाच वाजताची गाडी आहे आमची."

"सहालाही असते," मी म्हणालो. "त्या पोराचा मोबाईल इकडं आण, अन् येताना दाराची कडी लाव."