आमचा लोहचुंबकी साडू

दक्षिण गोलार्धात माझ्या साडूइतका लोखंडावर जीव टाकणारा दुसरा माणूस नाही, आणि उत्तर गोलार्धात कुणी सापडलाच तर कृपा करून त्याला तिकडेच ठेवा. आम्हाला एक पुरतो. हा माझ्या मेहुणीचा नवरा. मेलबर्नच्या एका युनिव्हर्सिटीत तो लोखंडाचे कण बनवतो. कण म्हणजे किती बारीक, असं मी एकदा विचारलं आणि माझा अख्खा रविवार गेला. थोडक्यात, ते डोळ्यांना दिसत नाहीत, पण त्याच्या गप्पांत त्यांच्याशिवाय दुसरं काही दिसत नाही. हे कण रक्तात सोडायचे, बाहेरून चुंबकाने त्यांना डिवचायचं, की ते कुठे आहेत हे यंत्राला कळतं आणि रक्त कुठे अडलंय त्याचं चित्र उमटतं. "माझ्या यंत्राला हाडं दिसत नाहीत, मांस दिसत नाही," तो सांगतो. "सगळा वर्ग गप्प. फक्त माझी पोरं 'हजर' म्हणतात!" पोरं म्हणजे कण. पोटच्या मुलीबद्दल तो इतक्या हळवेपणाने बोललेला मी ऐकलेला नाही.

त्याच्या खिशात कायम चुंबक असतो. डँडेनॉन्गला फॉस्टर स्ट्रीटवरच्या भारतीय दुकानात भांडी घ्यायला गेलो, तर हा पठ्ठ्या प्रत्येक पातेल्याला चुंबक लावून बघतोय. शेवटी दुकानदार कळवळून म्हणाला, "भैया, लेना है तो लो, चिपकाओ मत!" आमच्या घरी त्याने माझ्या मुलाचं सकाळचं सीरियल खलबत्त्यात कुटलं, पाण्यात कालवलं आणि चुंबकाने त्यातून काळी पूड ओढून दाखवली. "लोह घातलेलं असतं त्यात. बघ, तुझा मुलगा रोज खिळे खातोय." मुलगा "ऑसम!" म्हणाला आणि आणखी एक वाडगा खाऊन मोकळा झाला. बायकोने मात्र ते खोकं त्याच दिवशी फेकलं. एका बारशाला तर याने बाळ मांडीवर घेतलं, त्याच्या पोटावरून हात फिरवला आणि बाळाच्या आजीला म्हणाला, "काय सुंदर यकृत असेल! कण कसे मस्त जमतील!" त्या घरून आम्हाला पुन्हा बोलावणं आलेलं नाही.

गेल्या वर्षी मात्र हा हसायचा थांबला. प्रयोगशाळेचा निधी संपत आला होता. दूर उत्तर टोकाच्या डार्विनमधल्या एका हॉस्पिटलचे दोन डॉक्टर यंत्र बघायला येणार होते. त्यांना ते पसंत पडलं तर ठीक, नाहीतर प्रयोगशाळेला कुलूप आणि साडूला कालगुर्लीला नोकरी. सोन्याच्या खाणीत जावं लागणार म्हणून डोळ्यांत पाणी आणणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. आमच्या हिने देवाला साकडं घातलं, की यंत्र पास होऊ दे, म्हणजे बहीण इथेच राहील.

डॉक्टर आले त्या दिवशी गाडी मी चालवली. मागच्या सीटवर, पट्टा बांधून, बाळ्या बसला होता. बाळ्या म्हणजे प्लॅस्टिकचं डोकं. आत शिरांसारख्या नळ्या आणि नळ्यांत साडूची पोरं. प्रयोगशाळेत त्याने डॉक्टरांचे पट्टे, घड्याळं, पेनं, सगळं काढून घेतलं. त्यातले थोरले डॉक्टर एका हाताने पँट धरूनच उभे होते.

बाळ्याला आत ठेवलं आणि यंत्र घुमलं. काळ्या पडद्यावर शिरांचं नाजूक झाड उमटलं. मी टाळ्या वाजवणार, एवढ्यात कानामागे एक ठिपका शुक्राच्या चांदणीसारखा झळकला.

"व्हॉट्स दॅट, मेट?" थोरल्यांनी विचारलं. "रक्तस्राव?"

साडू पांढराफटक पडला. तिथे नळी नव्हती, कण नव्हते, काहीच नव्हतं. बाळ्याला बाहेर काढून उलटा केला. कानामागे मुगाएवढी काळी तीट!

"ही कुणी लावली?" मी विचारलं.

"मीच," साडू पुटपुटला. "एवढी माणसं बघणार, दृष्ट लागायला नको म्हणून. पण काजळ म्हणजे काजळी रे! आई तुपाच्या दिव्यावर धरायची. शुद्ध कार्बन! त्यात लोखंड कुठून येणार?"

त्याने तिथूनच मुलीला फोन लावला. तिकडून किंचाळणं ऐकू आलं. "डॅड! माझी काजळ-पेन्सिल तू घेतलीस? इट्स नॉट आजीज काजळ! पाकिटावर वाच ना, आयर्न ऑक्साइड!"

माणसांच्या केसांतल्या पिनासुद्धा काढून घेणाऱ्याने स्वतःच्या बोटाने लोखंड लावलं होतं. त्याने मान खाली घालून डॉक्टरांना सगळं सांगितलं: दृष्ट, तीट, आई, तूप. थोरले डॉक्टर इतके हसले, की त्यांना दोन्ही हातांनी पँट धरावी लागली. मग डोळे पुसत म्हणाले, "ठिपकाभर काजळ इतकं लख्ख दिसत असेल, तर हे यंत्र मला हवंय. आणि हा माणूससुद्धा."

साकडं घालताना देवाला पत्ता नीट सांगायला हवा होता. यंत्र डार्विनला गेलं, त्याच्यामागे साडू आणि मेहुणीही गेले.

परवा त्याचा फोन आला. पहिल्या खऱ्या पेशंटची तपासणी झाली होती, एका म्हाताऱ्या कोळ्याची. "रक्त कुठे अडलंय ते दिसलं रे," एवढंच म्हणाला. मग, एवढ्या वर्षांत पहिल्यांदाच, त्याने विचारलं, "ते जाऊ दे. तू कसा आहेस?"

मी म्हटलं, "माझं राहू दे. तू आधी पोरांचं सगळं नीट, पहिल्यापासून सांग."