मोरागने नाकारलेलं सरबत

२००५च्या उन्हाळ्यात मी लेकीकडे अमेरिकेत, बॉथेलला गेले होते. एका शनिवारी मेघा म्हणाली, "आई, मोरागची रेस आहे डोंगरापलीकडे. तिला मीच ड्राइव्ह करून नेतेय, तूही चल." मोराग म्हणजे मेघाच्या मैत्रिणीकडे उतरलेली स्कॉटलंडची सायकलपटू. पस्तिशीची, काटकुळी, कोपरांवर आणि गुडघ्यांवर जुन्या जखमांचे वण. हिच्या आईचा जीव थाऱ्यावर कसा राहत असेल, हा माझा पहिला विचार. गाडीच्या टपावर सायकल बांधली आणि आम्ही तिघी निघालो.

बॉथेलची ओली, हिरवीगार झाडी मागे पडली. खिंड ओलांडली तसे डोंगर उघडेबोडके झाले, आणि खाली सफरचंदाच्या बागा दिसू लागल्या. कोकणातून घाट चढून देशावर यावं, तसंच वाटलं. ऊनही तसंच रणरणतं.

वाटेत मी दशम्या आणि चटणी काढली. मोरागने तीन दशम्या खाल्ल्या आणि चटणी झोंबून नाक पुसत बसली. तिचं इंग्रजी तोंडात सुपारी धरून बोलल्यासारखं, त्यामुळे मेघा मला अर्थ सांगत होती. विशीपासून मोराग माउंटन बायकिंग (जंगलातल्या, दगडधोंड्यांच्या वाटांवरच्या शर्यती) करत आली. देशासाठी खेळली, खांद्याचं हाड दोनदा मोडून घेतलं. आता तरुण मुली पुढे जायला लागल्या, म्हणून ती डांबरी रस्त्यावरच्या शर्यतींकडे वळली होती. इथल्या एका संघात एक जागा रिकामी होती आणि त्यांचा मॅनेजर आज बघायला येणार होता.

"नाही जमलं तर?" मी विचारलं.

"तर घरी जाईन, आणि सायकलच्या दुकानात नोकरी धरीन," मोराग म्हणाली.

शर्यत बागांभोवती फेऱ्या मारण्याची होती. मेघा बाटल्या घेऊन फीड झोनमध्ये (खेळाडूंना पाणी फक्त जिथे देता येतं, त्या रस्त्याच्या तुकड्यात) उभी राहिली. मला गर्दी सोसेना, म्हणून मी पुढच्या चढावर एका झाडाखाली जाऊन बसले. थोड्या वेळाने मोराग आली. ओठ पांढरे पडलेले, सायकलवरची बाटली रिकामी. मेघाच्या हातातली बाटली दुसऱ्या कुणाचा तरी धक्का लागून पडली होती, हे मला मागाहून कळलं. माझ्या पिशवीत लिंबाचं सरबत होतं. मी धावत जाऊन बाटली पुढे केली. तिने मान हलवली आणि बाटलीकडे न बघता पुढे निघून गेली.

मला रागच आला. दारच्या भिकाऱ्यालाही आपण पाण्याला नाही म्हणत नाही, आणि ही बाई घशाला कोरड पडलेली असताना माझ्या हातचं घेत नाही? मी तरातरा मेघाकडे गेले आणि झालेलं सांगितलं.

"अगं आई, काय करतेस यार!" मेघा किंचाळली. "झोनच्या बाहेर घेतलं असतं तर ती डिस्क्वालिफाय झाली असती."

मी सरबताची बाटली पिशवीत परत कोंबली आणि मेघाशेजारीच उभी राहिले. पुढच्या फेरीला मेघाने बाटली नीट दिली, पण तोवर पुढच्या मुली लांब गेल्या होत्या. मग शेवटचा उतार आला. डोंगरात वाढलेली ती, ब्रेक न लावता सुटली आणि पाचवी आली. थांबल्यावर आधी तिने माझं ते कोमट सरबत घटाघटा संपवलं.

मॅनेजर तिच्याशी बराच वेळ बोलला. परतीच्या वाटेवर तिने सांगितलं की जागा मिळाली, पण स्वतः जिंकण्यासाठी नव्हे. संघातल्या मुख्य मुलीपुढे राहून वारा अडवायचा, आणि मागून येणाऱ्या संघाच्या गाडीपाशी जाऊन सगळ्यांसाठी पाणी आणायचं.

"देशासाठी खेळलेल्या बाईला पाणक्याचं काम?" मी मराठीतच बोलले. मेघाने जरा मऊ करून सांगितलं असावं.

मोराग हसली. "डोंगरात मी कायम एकटी असायचे. पंक्चर झालं तरी एकटी, पडले तरी एकटी. आता पाणी आण म्हणून कुणीतरी सांगणार आहे. मी हो म्हणून आले."

ही बाई मनाची समजूत घालतेय, असंच मला तेव्हा वाटलं.

पुढच्या महिन्यात मी पुण्याला परतले. कुलूप काढलं, बॅगा आत ओढल्या आणि स्वतःसाठी पेलाभर पाणी घेतलं. "आई, पाणी दे गं" म्हणणारी बॉथेलला, आणि "अहो, जरा पाणी आणता का" म्हणून मला चिडवणारे आमचे हे जाऊन सहा वर्षं झालेली. मला मोरागचा हेवा वाटला.