रविवारी गंजीत घातलेली कुत्री

ऑल्वेन तापट बाई आहे, असं आमच्या खोऱ्यात जो तो सांगतो. सांगणाऱ्यांत निम्मे तरी असे आहेत, ज्यांच्या शेडमधला कोल्हा तिनं पहाटेच्या गारठ्यात उभं राहून काढून दिलाय. तापट आहेच ती. पण का तापते ते कुणी सांगत नाही, म्हणून मी लिहायला बसले.

तिचा जन्म ब्रिनग्लासचा. डोंगराच्या कुशीतलं मेंढ्यांचं शेत. ती थोरली, भाऊ धाकटा. भावाला बंदुकीच्या आवाजानं धडकी भरायची, म्हणून बाप बिळात शिरणाऱ्या छोट्या टेरियर कुत्र्यांना घेऊन कोल्ह्यांमागे निघाला की बरोबर ऑल्वेन असायची. मेंढ्या विण्याच्या दिवसांत जागायची ती, खूर कापायची ती, लोकर कातरायला आलेल्या गड्यांना रस्सा वाढायची तीच. बाप गेला आणि शेत भावाला मिळालं. कुणी दुष्टपणानं केलं असंही नाही. तसंच असतं, म्हणून केलं. मला त्याचीच जास्त चीड येते. दुष्टपणा असता तर निदान भांडता आलं असतं. ऑल्वेनला गावाच्या टोकाचं दोन खोल्यांचं घर मिळालं आणि बापाची कुत्री.

त्या कुत्र्यांवर तिनं नाव काढलं. आमच्याकडे हिवाळा सरताना कोल्हे ओली बिळं सोडतात आणि शेडमध्ये रचलेल्या काडाच्या गंजीत येऊन राहतात. गठ्ठ्यांमधल्या फटी त्यांना आयत्या मिळतात. आत ऊब, खायला उंदीर, आणि शेजारीच नुकत्या व्यालेल्या मेंढ्या. कोकरू नाहीसं झालं, की शेतकरी ऑल्वेनला फोन करायचा. ती कुत्रीला फटीत सोडायची. बाहेर एकजण दुनळी बंदूक घेऊन उभा. कोल्हा मोकळ्यावर आला की एकाच बारात संपवायचा, त्याला तडफडू द्यायचं नाही. एकदा एकानं तंगडीत गोळी घातली होती, तर ऑल्वेननं त्याला त्याच्या बायकोपोरांसमोर असं काही सुनावलं, की तो अजून तिला बघून रस्ता बदलतो.

तिचे नियम ठरलेले होते. कुत्री आत सोडण्याआधी गळ्यातला पट्टा काढायचा, कारण तो गठ्ठ्यांच्या सुतळीत अडकतो. ती आत असताना गंजीवर कुणी चढायचं नाही, जवळ कसलंही यंत्र चालू करायचं नाही. आणि रविवारी कुत्री सोडायची नाही. या शेवटच्या नियमावर तरणी माणसं हसायची. मला कधी हसू आलं नाही. देवासाठी एक दिवस हात आवरायचे, यात हसण्यासारखं काय आहे? मीही दर रविवारी तिच्या शेजारी चॅपलमध्ये, म्हणजे इथल्या छोट्या चर्चमध्ये, बसते. ओठ माझ्या माहेरच्या देवाचं नाव घेत असतात, हे तिला ठाऊक आहे. ती फक्त थोडी सरकून जागा देते.

सत्तरी उलटल्यावर तिच्याकडे एकच कुत्री उरली होती, स्मॉट. पांढरी, राठ केसांची, एका डोळ्याभोवती काळा डाग. नवं पिल्लू ठेवायचं नाही असं ऑल्वेननं ठरवलं होतं, आपल्यामागे ते कुणाच्या दारात जाऊन पडेल म्हणून. मार्चमधल्या त्या शनिवारी संध्याकाळी मी तिच्याकडे चहाला बसले होते, स्मॉट माझ्या पायांवर, तेव्हा भाच्याचा फोन आला. गेथिन, तिच्या भावाचा मुलगा. ब्रिनग्लास आता तोच बघतो. कोल्हा गंजीत बसलाय, काल कोकरू नेलं, आज आणखी एक नेलं, आत्ता ये, म्हणत होता. ऑल्वेननं सांगितलं की अंधार पडलाय, अंधारात बंदूक चालवायची नाही. कोकरं आत कोंडून घे, सोमवारी उजाडताना येते. तो म्हणाला, मग उद्या ये. ती म्हणाली, उद्या रविवार आहे. कोल्ह्याला कुठं रविवार कळतो, असं तो म्हणाला असावा, कारण ती म्हणाली, "मला कळतो ना," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी शेवटचं भजन चालू असताना चॅपलचं दार उघडलं. गेथिनची बायको शान, चिखलाचे गमबूट घालूनच, मधल्या वाटेनं सरळ आमच्या बाकापाशी आली आणि ऑल्वेनच्या कानाला लागली. आम्ही चॅपलला गेल्याचं बघून गेथिननं आत्याच्या अंगणातून स्मॉटला नेलं होतं. आता ती गंजीत अडकली होती आणि ओरडत होती.

ऑल्वेननं पुस्तक मिटलं, हॅट नीट केली आणि चालू लागली. मी गाडी काढली.  वाटेत मी मनात गेथिनला काय काय म्हटलं, ते इथं लिहिण्याजोगं नाही.

शेडमध्ये गेथिन गठ्ठे उचलायच्या लोडरवर बसला होता, यंत्र धडधडत होतं, लोखंडी दाते गंजीच्या खालच्या गठ्ठ्यांना टेकलेले. शेजारचा एम्लिन बगलेत बंदूक धरून सिगरेट ओढत उभा होता. कुत्री आत शिरल्या शिरल्या कोल्हा मागच्या बाजूनं निघून गेला होता. तो जाताना एम्लिन काडी पेटवत होता. म्हणजे कुत्री अडकली, आणि ज्याच्यासाठी हा सगळा उपद्व्याप, तो कोल्हाही गेला.

ऑल्वेननं वर हात घालून लोडरची किल्ली काढली. एकदम शांत झालं. आत काही ऐकू येत नव्हतं.

"पट्टा काढला होतास?" तिनं विचारलं.

"आत्या, घाईत होतो मी..."

"काढला होतास का?"

"नाही."

गेथिन म्हणाला की लोडरनं एक बाजू ओढली तर लगेच मोकळी होईल ती. ऑल्वेननं किल्ली कोटाच्या खिशात टाकली. गंजी तिच्या अंगावर बसेल आणि तू मेलेली कुत्री मोकळी करशील, असं म्हणाली, आणि त्याच कोटात, हॅट डोक्यावर तशीच ठेवून, वरचा गठ्ठा ओढायला लागली. सुतळीत बोटं घालून एकेक गठ्ठा. हाक मारायची नाही, असं तिनं मला बजावलं. हाक ऐकली की कुत्री ओढ घेते आणि फास आवळतो.

एम्लिनला वाटलं असावं की वातावरण जरा हलकं करावं. "रविवारी काम चालतं वाटतं आता, ऑल्वेन?"

"हे काम नाही, एम्लिन. तुमची घाण काढतेय मी. तूही हात लाव. आधी ती सिगरेट विझव, काडात उभा आहेस."

त्यानं विझवली. थोड्या वेळानं चॅपलमधली माणसं आली. पाद्री आले, शाळेच्या बाई आल्या, म्हातारे आपल्या काळ्या कोटांत आले.  सगळ्यांनी रांग लावली आणि गठ्ठे हातोहात बाहेर जाऊ लागले. गेथिन सगळ्यांत पुढे होता. त्याचे हात रक्ताळले होते. मला त्याची दया आली नाही, हे खरं सांगते. माझं नामस्मरण चालू होतं, पण त्याच्यासाठी नव्हतं.

स्मॉट अगदी तळाशी सापडली. पट्ट्याच्या कडीत निळी सुतळी गेली होती आणि तिनं सुटायच्या धडपडीत गिरक्या घेऊन सुतळीला पीळ दिला होता. जीभ बाहेर, काळीनिळी. गेथिननं चाकू पुढं केला. ऑल्वेननं पट्टाच कापला, कुत्रीला मांडीवर घेतलं, तोंडातला फेस बोटानं काढला. मग जमिनीवरची काडाची एक काडी उचलून तिच्या नाकपुडीत घातली आणि फिरवू लागली. जन्मल्यावर श्वास न घेणाऱ्या कोकराला आमच्याकडे असंच करतात. एकदा, पुन्हा, दुसऱ्या नाकपुडीत. सगळे काळे कोट गोल करून उभे. स्मॉटच्या बरगड्या हलल्या. ती शिंकली, मग घरघर करत श्वास घेऊ लागली.

शाळेच्या बाई रडू लागल्या. पाद्रींनी डोळे मिटले. गेथिन खाली बसला आणि म्हणाला, "आत्या, चुकलो. घरात चल. चहा घे, ऊब घे जरा."

ऑल्वेन उठली. कुत्री कोटात गुंडाळलेली. आवाज चढवला नाही तिनं. तिचा राग मी बऱ्याचदा पाहिला होता, पण तो कधी इतका हळू बोलला नव्हता.

"या घरात मी जन्मले, गेथिन. तुझा बाप पाळण्यात होता तेव्हापासून इथली कोकरं जगवलीत. शेत तुम्ही घेतलं, मी मागितलं नाही. उंबऱ्याच्या आत कधी बोलावलं नाहीस, कोल्हा आला की तेवढी आत्या आठवते. माझं म्हणून हे एवढं कुत्रं होतं. तेसुद्धा विचारून न्यावं असं वाटलं नाही तुला."

ती किल्ली लोडरच्या पायरीवर ठेवून गाडीत येऊन बसली.

स्मॉट वाचली, पण गळा कायमचा गेला. डॉक्टरांनी सांगितलं, भुंकणं येणार नाही. जी भुंकत नाही ती गंजीत कुठं आहे हे बाहेरच्याला कळत नाही, म्हणजे तिचं काम संपलं. ऑल्वेनचंही संपलं. आसपासच्या शेतकऱ्यांनी पहिल्या आठवड्यात चौकशी केली. दुसऱ्या आठवड्यात ते शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाचा नंबर विचारू लागले. तिच्याकडेच.

गेथिननं चांगल्या वंशाचं पिल्लू आणलं आणि शानच्या हाती पाठवलं. ऑल्वेननं शानला चहा दिला, मनुकांचा पाव लोणी लावून दिला, पिल्लाला दूध पाजलं आणि ते शानच्या मांडीवर परत ठेवून दिलं. कशासाठी परत देतेय, ते शानला कळलं. तिनं आग्रह केला नाही.

आता गेथिन दर रविवारी चॅपलला येतो. मागच्या बाकावर बसतो, संपल्यावर दार धरून उभा राहतो. ऑल्वेन पाद्रींच्या खोलीशेजारच्या दारानं बाहेर पडते. तिच्यामागून मीही.

परवा पाद्री क्षमेवर बोलले. कुणाकडेही न बघता बोलले, आणि सगळ्यांना कळलं. मलाही पटलं होतं. घरी येताना मी तिला भीत भीत विचारलं, की ऐकलंस ना.

"ऐकलं. चांगले बोलले," ती म्हणाली. "गेथिननं माफी मागितली की मी विचार करीन."

मी म्हटलं, अगं, त्यानं तर तिथंच मागितली, सगळ्यांसमोर.

"ती माफी कुत्रीबद्दलची होती," ऑल्वेन म्हणाली.