वास नसलेला धूर

पाइनचं रान संपलं आणि उघड्या डोंगरावरचा वारा अंगावर आला, तेव्हा देसांका पहिल्यांदा थांबली. पुढे चाललेला रादिसाव मात्र थांबला नाही. गुडघाभर बर्फातून तो वाट पाडत होता आणि ती त्याच्या पावलांत पाऊल टाकत येत होती. खाली गाव कधीच दिसेनासं झालं होतं.

"कुमे, जरा दम घ्या की!" ती ओरडली.

"खिंडीत गेल्यावर घेऊ, कुमो."

देसांकाच्या लेकीला, यावोर्काला, बाप्तिस्म्याच्या दिवशी धर्मपिता म्हणून रादिसावनेच हातावर घेतलं होतं. तेव्हापासून दोन्ही घरं एकमेकांची कुम; तो तिचा 'कुमे', ती त्याची 'कुमो'. हे नातं रक्ताच्याही वरचं, त्यात नाही म्हणायची सोय नसते.

आज सकाळी त्याच यावोर्काला तिचा नवरा तिहोमिर गाडीत घालून खिंडीपलीकडच्या शहरात, इस्पितळात न्यायला निघाला होता. दिवस भरत आले होते. पहिलं बाळ पोटातच गेलेलं, म्हणून डॉक्टरांनी या वेळी आधीच येऊन राहा असं बजावलं होतं. गाडी जुनी, टर्बो लावलेली डिझेल. काही दिवस ती सायलेन्सरमधून पांढरा धूर ओकत होती. म्हणून जाताजाता तिहोमिरने ती रादिसावच्या दारात उभी केली.

पांढरा धूर म्हटला की त्या खोऱ्यात रादिसावचं नाक चालायचं. उमेदीची वर्षं त्याने बसडेपोत घालवली. डेपोला कुलूप लागलं तेव्हा आपले पाने आणि एक लंगडा जॅक घेऊन तो गावी आला. बायको गेल्यावर तर माणसांपेक्षा गाड्यांशीच जास्त बोलू लागला. देवळाच्या पायरीवर कोणी त्याला पाहिला नव्हता, पण देवळात येणाऱ्यांच्या गाड्या त्याच्याच हाताखालून गेलेल्या असत.

त्याची तऱ्हा साधी होती. धुरात तळहात धरायचा आणि मग तो नाकाशी न्यायचा. डोळे चुरचुरले तर कच्चं डिझेल. हाताला काळपट चिकट लागलं, करपल्या तेलाचा वास आला, तर टर्बो तेल पितोय. आणि साखर करपल्यासारखा गोडूस वास आला की रादिसाव डोक्यावरची टोपी काढायचा. इंजिन गार ठेवणारं कूलंट आत शिरून जळतंय, हेडगॅसकेट गेलं. अशी गाडी तो डोंगर चढू द्यायचा नाही, मालकाने कितीही विनवण्या केल्या तरी.

सकाळी त्याचा तळहात नुसता ओला झाला. वास कसलाच नव्हता. बोनेट उघडून पाहिलं, तर कूलंटची टाकी अगदी खुणेपर्यंत भरलेली.

"थंडीची वाफ आहे," तो म्हणाला.

"बघा हं, मिस्त्री! वाटेत बाळ झालं तर तुमचंच नाव ठेवीन," तिहोमिर म्हणाला.

"आणि मुलगी झाली तर?"

"मग तिचं नशीब!"

एरवी इंजिन पुरतं तापेपर्यंत रादिसाव गाडी सोडत नसे. तापल्यावर वाफ थांबते, दुखणं असेल तर थांबत नाही. पण मागच्या सीटवर यावोर्का कंबर धरून बसली होती. तिच्याकडे पाहून त्याने हाताने खूण केली, निघा.

त्यानंतर थोड्या वेळाने देसांका गरम गिबानित्सा घेऊन त्याच्याकडे गेली. भाजल्या चीजचा वास गॅरेजभर पसरला. त्याने पहिला घास घेतला आणि ती सहज बोलून गेली, "मी तर निर्धास्त आहे, कुमे. सणाचं पाणी रोज घालत होते मी गाडीला."

प्रभूच्या बाप्तिस्म्याच्या सणाला पाद्रीबाबा आशीर्वाद देऊन जे पाणी देतात, ते तिथल्या घराघरांत वर्षभर जपून ठेवतात.

"शिंपडलंत ना?"

"शिंपडून काय होतंय? टाकीत घालत होते. रोज थोडी खाली जायची, रोज भरायची मी. आजारी माणसाला घोटभर पाजतोच की आपण. पोर बसणार होती त्या गाडीत."

घास त्याच्या तोंडातच राहिला. "रोज खाली जायची?"

"हो. का हो?"

"कुमो, मग आत कूलंट उरलंच कुठे? नुसतं पाणी जळत होतं. त्याला वास कुठून येणार?"

टाकी भरलेली दिसली ती देसांकामुळे, आणि धुराचा वास गेला तोही तिच्यामुळेच. बर्फाने फोनचा टॉवर बंद पडलेला. रादिसावच्या व्हॅनचा गिअरबॉक्स काढून ठेवलेला. पाद्रीबाबा त्यांची गाडी घेऊन दुसऱ्या गावी दफनाला गेलेले. तेव्हा दोघं गुरांच्या वाटेने निघाली. ती वाट रस्त्याची सगळी वळणं टाळून थेट खिंडीशी निघते.

"प्रभू, दया कर," देसांका प्रत्येक पावलाला म्हणत होती. पाण्यावर तिचा राग नव्हता. पाणी पवित्रच होतं. ते कुठे ओतायचं याची अक्कल आपल्याला नव्हती, एवढंच तिला कळत होतं. आणि या गारठ्यात बंद गाडीत बसलेली लेक काही केल्या डोळ्यांपुढून हलत नव्हती.

रस्ता लागला. खिंडीच्या अलीकडच्या वळणावर गाडी उभी होती, बोनेट वर, दारं मिटलेली. आत कोणी नव्हतं. खाली सांडलेलं पाणी गोठून काच झालं होतं. रादिसावने हातमोजा काढून इंजिनावर हात ठेवला आणि गारठलेल्या लोखंडावरून लगेच काढून घेतला.

"किती वेळ झाला असेल?" तिने विचारलं.

त्याने बोट दाखवलं. गाडीपासून पावलांच्या दोन ओळी वर गेल्या होत्या. थोड्या अंतरावर एकच ओळ उरली होती, पण खोल रुतलेली. त्या ओळीच्या टोकाला रस्ता कामगारांची झोपडी होती आणि तिच्या धुराड्यातून धूर निघत होता. देसांका धावत सुटली.

दार उघडून तिहोमिर बाहेर आला. शर्टाच्या बाह्या वर सारलेल्या, तोंड पांढरंफटक. "आई! कळा सुरू झाल्यात तिला. बर्फ काढणारा ट्रक आला होता, पण तिला हलवता येईना. तो खाली गेलाय डॉक्टर आणायला. अजून नाही आला." मग त्याचं लक्ष रादिसावकडे गेलं. "वाफ आहे म्हणालात! वाफ! नाक आहे की बटाटा तोंडावर?"

आतून यावोर्का कण्हली. कण्हणं मध्येच तुटलं.

"तिहोमिर, अरे त्यांचं काही नाही, मीच ते..." देसांकाने बोलायला सुरुवात केली, तोच रादिसावने तिचा दंड धरला. तिहोमिर आत पळाला होता.

"आज नको, कुमो," तो हळूच म्हणाला. "त्याच्या शिव्या मला खाऊ द्या. मी तापेपर्यंत थांबलो नाही, ते खरंच आहे. आत्ता पोरीला आईचा हात हवाय. पाणी ओतणारा हात हाच, हे आज तिला कळू देऊ नका. एवढं ऐका माझं. जा आत."