वरातीची घोडी आणि रानशेतपलीकडचा साकव

मुलांनो,

गेल्या रविवारी तुम्ही फोनवर फोटो पाठवलात. धाकटी हेल्मेट घालून घोड्यावर बसली आहे, जमिनीवर रंगीत दांड्या मांडल्या आहेत आणि घोडा मोठ्या ऐटीत एकेक पाय उचलून त्या ओलांडतो आहे. खाली प्रश्न होता, "आजी, तू कधी घोडा जवळून पाहिला आहेस का?" मी आधी हसले, मग थोडी रागावले, आणि मग पेन शोधायला उठले. ही हकीकत सांगू शकणारी आता मी एकटीच उरले आहे. फोनवर सांगायला घेतली तर तुम्ही मधेच "रेंज गेली" म्हणाल. म्हणून कागदावर. इंग्रजीत लिहिलं असतं तर तुम्हाला सोपं गेलं असतं, पण ज्या घोडीची ही गोष्ट आहे तिने आयुष्यात इंग्रजीचा एकही शब्द मानला नाही. तेव्हा तिच्या मानाखातर मराठीच.

तुमचे पणजोबा, म्हणजे माझे बाबा, डहाणूत डॉक्टर होते. दवाखाना स्टेशनजवळ, पण निम्मे रोगी आत, आशागड-रानशेतच्या बाजूला आणि त्याही पलीकडच्या पाड्यांवर. उन्हाळ्यात ते सायकलने जात. पावसाळ्यात काही अंतरानंतर सायकल त्यांच्यावर बसे, म्हणजे खांद्यावर. घोडी आली त्याच्या आदल्या वर्षी असाच एक ओहोळ ओलांडताना ते घसरले, औषधांची पेटी वाहून गेली आणि महिनाभर ते तापाने पडून राहिले. तेव्हा आईने बजावलं, "पुढच्या पावसात आशागडच्या पुढे पाऊल टाकायचं नाही. टाकलंत तर मी माहेरी जाईन." आई माहेरी जाणारी नव्हती हे सगळ्यांना ठाऊक होतं, पण या वेळी बाबा हसले नाहीत. पलीकडच्या पाड्यांवर त्यांच्याखेरीज दुसरा डॉक्टर जात नसे. म्हणून घोडा घ्यायचं ठरलं.

ते पन्नासचं दशक संपत आलेलं वर्ष. मुंबई राज्य अजून एकच होतं, त्यामुळे तलासरीच्या पुढे जाऊन घोडी आणली तर परमुलखातून आणली असं कुणाला वाटलं नाही. विकणारा म्हातारा घोडी लग्नांना भाड्याने देत असे. तो बाबांना म्हणाला, "घणी डाही छे, डॉक्टरसाहेब!" फार शहाणी आहे. वर त्याने अशीही मुभा दिली की पाऊस लागायच्या आत आणून दिली तर तो परत घेईल. शहाण्या घोडीसाठी अशी मुभा का लागावी, हे बाबांनी विचारलं नाही.

रंगाने ती पांढरी, कानांच्या टोकांना किंचित राखाडी, डोळे काजळ घातल्यासारखे. मी सतरा वर्षांची होते, जूनमध्ये मुंबईला कॉलेजात जाणार होते, आणि तिला पाहिल्यावर मला जून नकोसा झाला.

घोडी शिकवायला माझे मामा आले. ते बडोद्याच्या रिसाल्यात, म्हणजे घोडदळात होते. रिसाला मोडल्यावरही त्यांच्या मिशा आणि आवाज तसेच राहिले होते. बाबांनी त्यांना अट घातली, "रानशेतच्या पलीकडे लाकडी साकव आहे ना, त्यावरून माणूस बसवून ही पार गेली की राहील. नाही गेली तर पाऊस पडायच्या आत परत. मी सायकल विकून टाकतो आणि दवाखान्यात बसून राहतो." शेवटचं वाक्य त्यांनी आईकडे बघून म्हटलं.

सकाळी ओहोटी लागली की आम्ही तिला सुरूच्या बनापलीकडे ओल्या वाळूवर नेत असू. मामा मधे उभे, हातात लांब दोर, आणि ती भोवती गोल फिरते. चाबूक होता, पण मामा म्हणत, "हा दाखवायचा असतो, वाजवायचा नसतो." पाठीवर बसायचं नावही काढायचं नाही. आधी तिच्या खांद्याशी खांदा लावून चालायचं. मी थांबले की तिने थांबायचं, मी वळले की वळायचं, छातीवर बोटं टेकवली की मागे सरायचं. पहिल्या दिवशी तिने मला दोरासकट समुद्रात नेलं. पण आठवडाभरात दोर सैल सोडला तरी ती माझ्यामागून येऊ लागली. मानेजवळ तिचा गरम श्वास लागायचा आणि मला वाटायचं, आपण काही तरी राज्य वगैरे जिंकलं आहे!

मग पाठीवर गोणपाट, मग खोगीर, मग मी. बाबांची जुनी विजार नाडीने आवळून मी रिकिबीत पाय घातला, तशी आई ओटीवरून ओरडली, "अगं, घोडीवर नवरा बसतो! मुलीनं बसायचं असतं का?"

"ताई, मग हिलाच नवरा समज," मामा म्हणाले. "मुंडावळ्या आण, मी बांधतो."

"तूच बांध स्वतःला. घोड्यांच्या नादात लग्न राहिलं ते राहिलंच!"

दुडकी चाल मला आधी जमेना. दात वाजायचे, मामा ओरडायचे, "पोत्यासारखी बसू नकोस, उठ-बस कर!" आणि एका सकाळी अचानक जमलं. लाटा डाव्या हाताला, सुरूची झाडं उजवीकडून मागे पळताहेत आणि मी तिच्या चालीबरोबर वर-खाली होते आहे. मला मोठमोठ्याने गावंसं वाटलं. मी गायलेही. मामा म्हणाले, "घोडीला चालेल, मला नको."

अडथळ्यांचं शिक्षण मात्र आमच्या गावच्या सामानावर झालं. माडाचे ओंडके आडवे टाकून त्यांवरून पाय उचलायला शिकवलं. वाढवणच्या बाजूला बांबूंच्या वलांडीवर बोंबील वाळत घातलेले असत. वाऱ्यावर ते सगळे एकदम हलले की ती फुरफुरून मागे सरायची. आम्ही तिला तिथे रोज नेलं, शेवटी ती बोंबलांखालून मान ताठ ठेवून जाऊ लागली. मासळी पालटणारी एक कोळीण तिथून रोज विचारायची, "काय गो पोरी, घोरी आली, नवरा कुठं हाय?" मी एकदा म्हटलं, "येतोय मागनं." ती म्हणाली, "मंग बोंबील घेऊन जा. येल तवा भुकेला असंल." आणि खरोखरच तिने ओंजळभर दिले.

साकवासाठी आम्ही वाडीत एक जुनं दार जमिनीवर ठेवलं आणि त्याखाली विटा घातल्या, म्हणजे पोकळ आवाज येईल. इथे सगळं बिनसलं. तिने पहिला खूर फळीवर ठेवला, ढम्म आवाज झाला. दुसरा ठेवला, पुन्हा ढम्म. तिचे कान टवकारले, मान कमानीसारखी झाली आणि ती चक्क नाचू लागली! पुढचे पाय आळीपाळीने वर, कंबर डावीकडे-उजवीकडे. जितकी नाचे तितकं दार वाजे, आणि जितकं दार वाजे तितकी ती नाचे. तिला तो ढोल वाटत होता.

"हॉल्ट!" मामा गरजले. "हॉल्ट, आय से!" तिने आणखी एक गिरकी घेतली.

वाडीत ते गमतीचं होतं. साकवाला कठडा नव्हता आणि खाली खडक होते. मामांची मिशी पहिल्यांदा उतरलेली पाहिली. ते म्हणाले, चुचकारून घेऊ. मग आम्ही भिजवलेली हरभऱ्याची डाळ आणि गूळ आणला. फळीवर चार पावलं शांत टाकली की एक घास. डाळ तोंडात पडताच नाच थांबे, हे खरं. पण मग ती हलेचना! मी टाचा मारल्या, मामांनी दोर ओढला, ती मारुतीच्या देवळापुढल्या दीपमाळेसारखी उभी. रोज हेच. आम्ही आणखी डाळ घालत होतो आणि ती आणखी घट्ट होत होती. आभाळात ढग जमू लागले, बाबा जेवताना सायकलीचं गिऱ्हाईक कोण याची चर्चा करू लागले.

एका दुपारी आई ओटीवर तांदूळ निवडत बसली होती. आमची झटापट बघून ती म्हणाली, "तुम्ही दोघं शिकलेली माणसं, पण लग्नांना काय फक्त जेवायला जाता का?"

"म्हणजे?" मामा घाम पुसत म्हणाले.

"अरे, वरात मांडवाशी पोचली की घोडीला डाळ-गूळ देतात. तो मिळाला की तिचं काम संपलं. आता नवरा उतरायची वाट बघतेय ती. उतर गं खाली."

मी उतरले. लगाम सैल धरून चालू लागले. आणि घोडी माझ्या खांद्याशी खांदा लावून, वाळूवर शिकवल्याप्रमाणे, शांतपणे दारावरून चालत पलीकडे आली. ढम्म, ढम्म आवाज होत होता, पण वरात संपली होती, आता तिला नाचायचं कारण नव्हतं.

मामांनी आईला कडक सलाम ठोकला. आई म्हणाली, "डाळ संपवलीत सगळी. आमटी कशाची करू?"

दुसऱ्याच दिवशी आम्ही साकवावर गेलो. बाबा आणि मामा बैलगाडीतून पुढे जाऊन पलीकडे उभे राहिले. मी घोडीवर एकटी, विजारीच्या खिशात ओली डाळ. मी अलीकडेच उतरायला हवं होतं, पण बाबांची अट माणूस बसवून पार जायची होती आणि मला ती पुरी करायची होती. निम्मा साकव ती नीट चालली. मग फळ्यांचा आवाज मोठा झाला आणि तिची मान कमानीसारखी झाली. एक पाय वर गेला. फळी हलली. पलीकडून बाबांनी हाक मारली, पण आवाज अर्ध्यात थांबला. मी तिच्या मानेवर आडवी झाले आणि मूठ पुढे नेली. तिने मान वळवली, डाळ घेतली आणि उभी राहिली. मी खोगिरावरून घसरत खाली आले आणि मागे न बघता चालू लागले. मानेवर तिचा गरम श्वास आला. तेव्हा मला कळलं, आपण जिंकलो!

बाबांनी विचारलं, "म्हणजे दर साकवावर उतरावं लागणार?"

"हो. आणि डाळ द्यावी लागणार."

"बसून पार नाही गेली."

"नाही," मी म्हटलं.

त्यांनी घोडीच्या कपाळावर हात ठेवला. "सायकल खांद्यावर घेत होतो," ते म्हणाले, "त्यापेक्षा हे बरं. नवरा उतरतो म्हणावं."

त्या पावसाळ्यात ते आशागडच्याच काय, रानशेतच्याही पुढे गेले, आणि त्यानंतरचे कित्येक पावसाळे. आई दर संध्याकाळी डाळ भिजत घाली. पाड्यांवरची मुलं साकवाशी जमत आणि डॉक्टर उतरले की ओरडत, "नवरा आला, नवरा आला!" मी सुट्टीत घरी आले की स्टेशनवरून आधी तबेल्यात आणि मग आईकडे जात असे. आई त्याबद्दल अजिबात बोलत नसे, फक्त चहा गार झालेला द्यायची. साठचं दशक संपता संपता ती घोडी म्हातारी होऊन घरीच गेली. बाबांनी मग मोटारसायकल घेतली, पण तिला ते कधीच "डाही" म्हणाले नाहीत.

साकवाच्या जागी आता सिमेंटचा पूल आहे. खोगीर वाळवीने खाल्लं. रिकिबींची जोडी माझ्याकडे आहे, पितळेची, उजवीचा तळ थोडा झिजलेला, कारण बाबा उजव्या बाजूने उतरत. परवा उजवी खिडकीच्या गजाला दोरीने टांगून तिच्यात पाय ठेवून बघितला, अजून माझं वजन पेलते.